‘एम्परर अशोक’ : दोष यंत्राचा की वैमानिकाचा?

1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग 747 दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 जण गेले. आधी घातपाताचा संशय होता, पण अवशेष वर काढल्यावर तो टिकला नाही.

समुद्रावर आल्यावर विमान थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज (विमान कुठे, किती कललंय ते दाखवणारं यंत्र) मात्र उजवा कलच दाखवत राहिलं. तो ‘दुरुस्त’ करायला त्यांनी डावीकडे चाक फिरवलं, आणि फिरवतच राहिले. शेवटी कल 108 अंशांवर गेला. बाहेर मिट्ट काळोख, खरं क्षितिज दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

खरा वाद इथून पुढे. इथल्या चौकशीने दोन्ही गोष्टी नोंदवल्या: कॅप्टनचं यंत्र बिघडलं, आणि इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरलं गेलं नाही. 1985 मध्ये भरपाईच्या खटल्यात अमेरिकेतल्या सिॲटलच्या फेडरल न्यायालयाने मात्र विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना मोकळं सोडलं. तेव्हापासून ‘चूक वैमानिकाचीच’ हे वाक्य रूढ झालं. ते अर्धवट आहे. भरपाई कोणी द्यायची आणि अपघात का झाला, हे दोन वेगळे प्रश्न. कॉकपिटमध्ये सहवैमानिकापुढे दुसरं क्षितिज होतं, मध्ये तिसरं. दोन जुळतात ते धरायचं, तिसरं सोडायचं, हा साधा नियम. शिवाय धावपट्टी 27 वरून (म्हणजे 270 अंशांच्या दिशेने, पश्चिमेला) निघालेलं विमान डावीकडे कललं की दिशादर्शक 270 च्या खाली उतरू लागतो. पण हे ताडून पाहायला डोळे आपल्या क्षितिजावरून हटावे लागतात. फ्लाइट इंजिनियरने ‘त्यावर विसंबू नका’ असं बजावलं, तेव्हा उशीर झाला होता.

डिसेंबर 1999 मध्ये स्टॅनस्टेडहून निघालेल्या मालवाहू 747 मध्ये हेच घडलं. दोन क्षितिजं जुळत नसल्याचा इशारा पुन्हा पुन्हा वाजला, फ्लाइट इंजिनियर कल सांगत राहिला, सहवैमानिक गप्प. चौघे गेले.

2016 मध्ये स्वीडनमध्ये एका मालवाहू जेटच्या कॅप्टनच्या पडद्याने नाक खोटंच वर दाखवलं. त्यांनी ते खाली दाबलं. विमानाची स्थिती टोकाची दिसली की गर्दी कमी करायला पडद्यावरच्या बऱ्याच खुणा आपोआप गायब होत, आणि त्यात दोन पडदे जुळत नसल्याची खूणही पुसली गेली.