धावपट्टीचा परित्याग

लहान, बहुधा ग्रामीण भागातील धावपट्टी हवाई वाहतुकीतून कायमची बाद होण्याची प्रक्रिया. ती सहसा सावकाश घडते. उड्डाणे विरळ होतात, इंधनाची टाकी पुन्हा भरली जात नाही, गवत कापणे थांबते. पट्टी बंद झाल्याची नोंद त्यानंतर कधीतरी होते. त्यामुळे परित्यागाचे वर्ष ठरवण्याबाबत एकवाक्यता नाही. अखेरचे उड्डाण, परवान्याची समाप्ती आणि वैमानिकांच्या नकाशावरून पट्टीचे चिन्ह वगळले जाणे, असे तीन निकष लावले जातात. पहिला निकष आकर्षक असला तरी कुचकामी आहे, कारण हे उड्डाण अखेरचे ठरेल याची त्या दिवशी सहसा कोणालाच कल्पना नसते.

त्या मानाने जमिनीवरील खूण भरवशाची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयसीएओ) चौदाव्या परिशिष्टानुसार कायमच्या बंद धावपट्टीच्या दोन्ही टोकांना फुलीचे चिन्ह काढतात. मधल्या फुल्यांतील अंतर ३०० मी. पेक्षा जास्त नसावे. धावपट्टीवरील फुली पांढरी, तर टॅक्सीमार्गावरील (विमाने धावपट्टीकडे ने-आण करण्याच्या वाटेवरील) पिवळी असते. अमेरिकेत मात्र धावपट्टीवरही पिवळीच काढतात. जुने आकडे व रेषा पुसणे आवश्यक असते, नाहीतर अडचणीत सापडलेला वैमानिक वरून फसू शकतो.

कारणांमध्ये देखभालीच्या खर्चाचा उल्लेख सर्रास आढळतो. तथापि खर्च पेलेनासा होणे हा पुष्कळदा वापर घटल्याचा परिणाम असतो, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेच्या टपाल हवाईमार्गावर १९२० च्या दशकात दीपस्तंभ उभारले गेले आणि सुमारे ५० कि.मी. अंतराने आपत्कालीन उतरणपट्ट्या आखल्या गेल्या. रेडिओ मार्गदर्शन आले, विमानांचा पल्ला व भरवसा वाढला, तशी या पट्ट्यांची गरजच सरली. पुढे लहान विमानेही घटली : अमेरिकी कारखान्यांतून १९७८ मध्ये सुमारे १७,८०० सर्वसाधारण वापराची विमाने बाहेर पडली, १९९४ मध्ये १,००० पेक्षा कमी.

कारणे सांगताना झाडांकडे मात्र दुर्लक्ष होते. सर्वांत लहान वर्गातील, उपकरणांविना वापरायच्या पट्टीसाठी आगमनमार्गाचा मोकळा उतार (उतरणाऱ्या विमानाखालचा, ज्याच्या वर अडथळा येऊ नये असा कल्पित उतार) ५ टक्के, म्हणजे २० मी. अंतराला १ मी. उंची, असा धरतात. १५ मी. उंचीचे झाड या उताराच्या प्रारंभापासून ३०० मी. च्या आत असेल, तर उतरण्याची सीमारेषा पुढे सरकवावी लागते. पट्टीची बांधलेली लांबी तेवढीच राहते, उतरण्यास मिळणारी घटते. पृष्ठभागाची हानी यापेक्षा उघड असते : डांबर हवेने कडक होऊन तडकते, भेगांतून पाणी मुरते, गवती पट्टीवर पावसाच्या घळी पडतात.

दुसऱ्या महायुद्धातील तात्पुरत्या पट्ट्यांचा प्रकार वेगळा. त्यांपैकी अनेकींवर छिद्रित पोलादी फळ्या अंथरलेल्या असत. एक फळी सुमारे ३ मी. लांब, ३८ सेंमी. रुंद व ३० किग्रॅ. वजनाची असे. तिला ‘मार्स्टन’ म्हणावे की ‘मार्सडेन’, याबाबत लेखनात गोंधळ आहे. दुसरे रूप बरेच रूढ असले, तरी नॉर्थ कॅरोलायनातील मार्स्टन या गावाशी असलेला संबंध पाहता पहिले ग्राह्य धरावे. पट्ट्या सोडल्यावर या फळ्या कुंपणाला व लहान पुलांना वापरल्या गेल्या.

पुनर्वापराची बरीच उदाहरणे ब्रिटनमधील युद्धकालीन तळांची आहेत. १९४३ मध्ये सुरू झालेल्या सिल्व्हरस्टोन तळावर १९४८ पासून मोटारशर्यती होतात. चेन्नईजवळील शोलावरम धावपट्टीवरही अशा शर्यती होत असत. अन्यत्र काँक्रीट फोडून खडी म्हणून नेले गेले, पट्ट्यांवर कोंबड्यांची खुराडी उभी राहिली. पूर्णपणे नांगरलेली पट्टीही कोरड्या उन्हाळ्यात आकाशातून ओळखू येऊ शकते, कारण दबलेल्या थरावरचे पीक आजूबाजूच्या पिकाआधी पिवळे पडते. ज्यांखाली असा थर कधी घातलाच नव्हता, त्या गवती पट्ट्यांचा माग जुन्या नकाशांपलीकडे क्वचितच लागतो.