माउंटन बाइकचे मडगार्ड

माउंटन बाइकचे मडगार्ड : डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलीच्या चाकांनी उडवलेला चिखल, पाणी व खडे अडवणारे आच्छादन. ते बहुधा लवचीक प्लॅस्टिकचे असते. माउंटन बाइक सहसा मडगार्डविना विकली जाते, त्यामुळे ते निवडण्याचे व बसवण्याचे काम चालवणाऱ्याकडे येते. इथे टायर जाड असतात आणि सस्पेन्शनमुळे, म्हणजे धक्के शोषणाऱ्या रचनेमुळे, चाक फ्रेमच्या जवळ-लांब होत राहते. म्हणून टायर आणि मडगार्ड यांतली जागा सस्पेन्शन पूर्ण दबलेले असताना मोजावी लागते. उभ्या सायकलीवर मोकळे वाटणारे मडगार्ड पहिल्याच मोठ्या धक्क्याला टायरवर घासते.

चिखल टायरपासून सुटतो तो चाकाच्या परिघाला स्पर्शरेषेच्या दिशेने. पुढच्या चाकाच्या वरच्या भागातून सुटलेले थेंब सायकलीपेक्षा वेगाने पुढे जातात, हवेने मंदावतात आणि मागोमाग येणाऱ्या त्याच सायकलीच्या चालकाच्या तोंडावर आदळतात. त्याच चाकाच्या मागच्या खालच्या भागातून सुटलेला चिखल फ्रेमची खालची नळी, पावले आणि पेडलांचा आस यांवर बसतो. मागचे चाक पाठीवर पट्टा ओढते. उतारावर डोळ्यांत चिखल गेला की वाट दिसत नाही. त्यामुळे एकच मडगार्ड लावायचे असेल तर ते पुढे लावावे.

पुढच्या चाकासाठी सर्वांत भरवशाचा प्रकार म्हणजे सस्पेन्शन फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्याच्या) कमानीला, म्हणजे टायरवरून दोन्ही पाय जोडणाऱ्या पुलाला, बांधायचे आखूड मडगार्ड. कमान चाकाबरोबरच वर-खाली होते, त्यामुळे टायरपासूनचे अंतर बदलत नाही. फोर्कच्या क्राउनला (पायांच्या वरच्या जोडाला) किंवा हँडलकडे जाणाऱ्या स्टिअरर नळीत खालून रबरी बूच फुगवून बसवायच्या मडगार्डचे तसे नाही. फोर्कचा प्रवास, म्हणजे दबण्याचे अंतर, १२० मिलिमीटर असेल तर चाक तेवढेच वर येणार, म्हणजे टायर व मडगार्ड यांत १२० मिलिमीटरहून जास्त जागा हवी. इतक्या उंचावरचे मडगार्ड थोडेच अडवते. शिवाय खाली रुंद होत जाणाऱ्या स्टिअररमध्ये सरळ नळीसाठीचे बूच सैल बसते आणि मडगार्ड धक्क्यांनी फिरते.

कमानीचे मडगार्ड बसवण्याआधी कमान आणि फोर्कचे पाय धुऊन कोरडे करावेत. झिप टायखाली (प्लॅस्टिकच्या आवळपट्टीखाली) अडकलेली माती सँडपेपरसारखी रंग घासते, म्हणून तिथे आधी पारदर्शक चिकटपट्टी लावलेली बरी. मडगार्ड कमानीखालून सरकवून त्याचे लांब टोक मागे ठेवावे. दोन टाय कमानीला आणि एकेक दोन्ही पायांना, असे चारही आधी सैल ओवावेत, मडगार्ड मध्यावर आणावे, चाक फिरवून पाहावे आणि मगच आवळावेत. पायांवरचे टाय खालच्या, जाड बाहेरच्या नळ्यांवरच हवेत. वरच्या चकचकीत नळीवर टाय आला तर फोर्क पूर्ण दबत नाही आणि धूळ रोखणारे सील खराब होते. ब्रेकची नळी टायमध्ये चिमटू नये. टायची डोकी टायरपासून दूर, बाहेरच्या बाजूला ठेवून शेपट्या डोक्यालगत सपाट कापाव्यात. तिरकस कापलेले टोक बोट चिरते. काही नव्या फोर्कांना कमानीच्या मागे स्क्रूची भोके असतात. तिथे त्याच फोर्कसाठी बनवलेले मडगार्ड घ्यावे, ते खडखडत नाही.

मागे सीटपोस्टला पट्ट्याने बांधायचे मडगार्ड काही मिनिटांत लागते, पण त्याचे वजन लांब टोकाला असल्यामुळे ते एका बाजूला कलते. पट्ट्याखाली रबराचा तुकडा घातला की पकड सुधारते. वर-खाली होणाऱ्या ड्रॉपर सीटपोस्टच्या सरकत्या नळीवर क्लॅम्प लावू नये. ओरखडा पडला की सील गळू लागते. अशा वेळी सीटच्या खालच्या दांड्यांना अडकणारे मडगार्ड घ्यावे. मागेही सस्पेन्शन असेल, तर शॉकमधली (मागच्या सस्पेन्शनच्या दबणाऱ्या नळीतली) हवा सोडून सीट पूर्ण खाली दाबावी आणि टायर कुठवर येतो ते पाहावे. ड्रॉपर असल्यास ही तपासणी सीट सर्वांत खाली असताना करावी. त्या स्थितीत सुमारे २० मिलिमीटर जागा उरली पाहिजे. तपासणीनंतर आधीचाच दाब भरावा.

सळयांनी धरलेले पूर्ण लांबीचे मडगार्ड रस्त्यावर व रुंद कच्च्या वाटेवर उत्तम, पण ते साध्या, न दबणाऱ्या फोर्कच्या आणि मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीलाच शोभते. त्याची रुंदी टायरपेक्षा निदान १० मिलिमीटर जास्त हवी. २.२५ इंची टायर सुमारे ५७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे मडगार्ड ६७ च्या वर. २९ इंची चाकाचा रिम ६२२ मिलिमीटरचा, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलींच्या ७००सी मापाएवढाच. पण ७००सी साठीची बहुतेक मडगार्डे जाड टायरला अरुंद पडतात. सळया ड्रॉपआउटजवळच्या (चाकाचा आस बसतो त्या खाचेजवळच्या) ५ मिलिमीटर आट्यांच्या भोकांत बसतात. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (तबकडी चिमटणारा भाग) आड आला तर लांब बोल्ट व स्पेसर (अंतर राखणारी कडी) घालून सळई बाहेर काढावी, वाकवून कॅलिपरला टेकवू नये. सुटी टोके कापून त्यांवर टोपी चढवावी. बोल्टला आटे पकडणारे द्रव लावावे आणि पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा आवळावेत.

पुढच्या सळयांना झटका बसताच सुटणारी खुंटी असलीच पाहिजे. टायर व मडगार्ड यांत काटकी शिरली, तर मडगार्ड दुमडून चाकाखाली ओढले जाते, चाक जागच्या जागी थांबते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. खुंटी सुटली तर मडगार्ड नुसते लोंबते.

चिकणमातीत मात्र कोणतेही मडगार्ड त्रासदायक ठरू शकते. माती कमानीखाली थापली जाते, वर गवत-पालापाचोळा चिकटतो आणि चाक फिरेनासे होते. कमान व टायर यांत मुळात १० मिलिमीटरही जागा नसेल, तर मडगार्ड कमानीखाली अजिबात बसवू नये. फ्रेमच्या खालच्या नळीला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. ती तोंड फारसे वाचवत नाही, पण पेडलांच्या आसाकडे जाणारा बराच चिखल अडवते. टायर बदलून जाड घातला, की सारी अंतरे पुन्हा तपासावी लागतात.