टँक 35 पट लहान होतो, पण ऊन आणि पाणी होत नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर टँकचं 1/35 मापाचं प्लॅस्टिक मॉडेलचं किट हातात आलं की मला सगळ्यात आधी आकडेमोड करून बघायला आवडतं. खरा टायगर तोफेसकट साधारण साडेआठ मीटर लांब, म्हणजे मॉडेल 24 सेंटीमीटरचं. पुढचं चिलखत 100 मिलिमीटर जाड, ते इथे जेमतेम 3 मिलिमीटर. वजनाचं गणित तर अजून भारी आहे, 57 टनांना 35 ने एकदा नाही तर तीनदा भागायचं कारण लांबी रुंदी उंची तिन्ही कमी झाल्यात, उत्तर येतं 1.3 किलोच्या आसपास. (हा 35 आकडा आला कुठून? तामिया या जपानी मॉडेल कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर (हाही जर्मन टँकच) काढला, आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला, तो 1/35 च्या जवळ निघाला आणि पुढे तेच माप रुळलं.)

तर माप छोटं करणं हे कंपनीचं काम, ते त्यांनी केलेलं असतं. पण उजेड, पाण्याचा थेंब, धुळीचा कण, रंगाचा थर, हे काही कोणी छोटं करून बॉक्समध्ये देत नाही. ते आपल्याला ब्रशने करावं लागतं, आणि माझ्या मते वेदरिंग, म्हणजे मॉडेल खरं आणि वापरलेलं वाटावं म्हणून केलेलं रंगकाम, मुळात हेच. मॉडेल मळवणं हा त्यातला फार छोटा भाग.

उजेडाचंच बघा. मॉडेल आपण साधारण 30 सेंटीमीटरवरून बघतो, म्हणजे खऱ्या टँकपासून दहा साडेदहा मीटरवर उभं राहिल्यासारखं. मॉडेलवाल्यांमध्ये जुना सल्ला आहे की खरा रंग जशाच्या तसा लावू नका, थोडा पांढरा मिसळून फिका करा, कारण मधल्या हवेमुळे लांबचे रंग फिके दिसतात. सल्ला बरोबर आहे पण कारण मला पटत नाही, दहा मीटरवर हवा कितीशी असणार, डोंगर निळसर दिसतात ते काही किलोमीटरवरून. खरं कारण आपल्या खोलीत आहे. भर दुपारच्या उन्हात जवळपास 1 लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि घरातल्या टेबलावर 300 ते 500, आणि उजेड कमी झाला की डोळ्याला तोच रंग काळपट आणि मेलेला दिसतो. त्यात अजून एक भानगड म्हणजे सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा, त्याची सावली कशी कडक पडते, आणि आपली ट्यूबलाइट चार फुटांची, मॉडेलच्या पाचपट लांब, तिचा उजेड सगळीकडून आत शिरतो आणि टरेटखालची (टरेट म्हणजे तोफेचा फिरता बुरूज), झाकणांच्या कडेची सावली गायबच होते. म्हणून वरचे भाग फिके करायचे आणि सांध्यात सावली रंगवून घालायची.

आणि ती घालायची सगळ्यात सुंदर पद्धत म्हणजे पिन वॉश. गडद तपकिरी एनॅमल किंवा ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायचं द्रावण) एकदम पातळ करायचा, ब्रशच्या टोकावर थेंबभर घ्यायचा आणि वेल्डिंगच्या रेषेला नुसता टेकवायचा. रंग आपणहून त्या फटीतून धावत जातो, बोल्टला वळसा घालून पुढच्या कोपऱ्यापर्यंत! ही केशाकर्षणाची करामत. स्पिरिटचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे पाणी जिथे मणी होऊन बसतं तिथे हे पसरतं. पण आधी ग्लॉस वार्निश हवं, मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि रंग फटीत जायच्या ऐवजी चारी बाजूंना डाग करत सुटतो. खालचा रंग ॲक्रिलिक असेल तर स्पिरिट त्याला विरघळवत नाही, चुकलं तर पुसून घेता येतं. मात्र उघड्या प्लॅस्टिकवर, खास करून ताणात असलेल्या जोडावर वॉशचं तळं साचू देऊ नका, स्पिरिट आत शिरून पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, तडा जातो.

पाण्याचा थेंब तर अजिबात ऐकत नाही. 3 मिलिमीटरचा थेंब या टँकच्या हिशोबात दहा सेंटीमीटरचा गोळा झाला, त्यामुळे मॉडेल खरंच पावसात ठेवलं तरी खऱ्यासारखे ओघळ येणार नाहीत. ते असे करायचे: उभ्या बाजूवर ऑइल कलरचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके द्यायचे, स्पिरिटने जेमतेम ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढायचा, परत ओढायचा, शेवटी रंग जवळपास नाहीसा होईपर्यंत. जे उरतं तोच ओघळ.

रंगाचे टवके उडालेले दाखवायला हेअरस्प्रे वापरतात हे ऐकून लोकांना गंमत वाटते पण त्यामागे साधं रसायनशास्त्र आहे. खाली तांबडा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर), जसा खऱ्या टँकवर होता, त्यावर हेअरस्प्रेचा थर, त्यावर पातळ ॲक्रिलिक. मग कोमट पाण्याने भिजवायचं, पाणी रंगाच्या थरातून झिरपून खाली जातं, हेअरस्प्रेचं पॉलिमर पाण्यात मऊ पडतं आणि कडक ब्रशने घासलं की रंगाचे कपचे निघतात. रंग जाड असेल तर पाणी पोचतच नाही. आणि टवक्याचं माप डोक्यात ठेवा, 1 मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्यावर साडेतीन सेंटीमीटर.

गंज मात्र बहुतेक जण फार लावतात. टायगर तयार होत होता ऑगस्ट 1942 ते ऑगस्ट 1944 एवढाच काळ, कित्येक टँक काही महिन्यांत संपले, जाड चिलखत सडायला वेळच कुठे होता. गंज शोभतो तो मागच्या एक्झॉस्टच्या पत्र्यावर, कारण तिथे उष्णतेने रंग जळून जातो, उघडं लोखंड तापतं, थंड होतं, ओलं होतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो म्हणून पापुद्रे सुटतात. ताजा नारिंगी, जुना काळपट तपकिरी.

मूळ छटेवरून फार वाद घालू नका. फेब्रुवारी 1943 मध्ये जर्मनांनी गडद राखाडी सोडून डुंकेलगेल्ब हा मातकट पिवळा घेतला, त्यावरचे हिरवे आणि तांबूस पट्टे मारायला घट्ट पेस्ट मिळायची आणि ती पेट्रोल नाहीतर पाणी, जे हाताशी असेल त्यात पातळ केली जायची, मग दोन टँक सारखे कसे दिसतील? अहिल्यानगरचं टँक म्युझियम 1994 पासून आहे, तिथे टायगर नसला तरी जरूर जा, वेल्डिंग किती जाड, बोल्टच्या कडा कशा हे जवळून बघायला मिळतं. रंगासाठी मात्र युद्धातले फोटोच बघा, कारण जगभरच्या म्युझियममधले बहुतेक टँक टिकवण्यासाठी पुन्हा रंगवलेले असतात.

शेवटी धूळ. बागेतली माती चाळून लावू नका, बारीक वाळूचा 0.2 मिलिमीटरचा कण इथे 7 मिलिमीटरची खडी होतो. पिगमेंट पावडरचे, म्हणजे कोरड्या रंगाच्या भुकटीचे, कण काही मायक्रॉनचे असतात, ते खरी धूळ वाटतात. ती चिकटवणारा द्रव, म्हणजे फिक्सर, टाकल्यावर पावडर एकदम काळी पडते तेव्हा घाबरू नका, कणांमधल्या हवेच्या जागी द्रव भरला की उजेड कमी विखुरतो, ओली माती गडद दिसते त्याचंही कारण हेच, वाळलं की रंग बराचसा परत येतो. म्हणून चिखल ओला दाखवायचा असेल तर फक्त खालच्या चाकांवर आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूला ग्लॉस वार्निश लावा, वरच्या धुळीला हातही लावू नका, तिथे ऊन लागून ती आधीच वाळलेली असते.