पांढरी टोपी, काळवंडलेला चेहरा: प्रिंटला देण्याआधी फोटोतली सावली आणि उजेड कसे सावरावेत
(सांगलीतील आमच्या फोटो लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लग्नसराईत प्रिंटसाठी येणाऱ्या फोटोंत एक अडचण सारखी दिसते. दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत वडीलधाऱ्यांची टोपी आणि सदरा पांढराफटक, आणि टोपीखालचा चेहरा काळा. मग घरी मोबाइलवर ‘शॅडो’ (सावलीचा स्लायडर) पूर्ण वर आणि ‘हायलाइट’ (उजळ भागाचा स्लायडर) पूर्ण खाली ओढून फोटो आमच्याकडे येतो. स्क्रीनवर तो बरा दिसतो, पण कागदावर चेहरा राखेसारखा उतरतो. हे का होते आणि कसे टाळता येते, ते इथे दिले आहे.

पांढरे गेले की परत येत नाही

फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो. जेपेग फाइलमध्ये हे आकडे 0 ते 255 असतात. तिन्ही 0 म्हणजे काळा, तिन्ही 255 म्हणजे पूर्ण पांढरा. उन्हातल्या टोपीवर तिन्ही आकडे 255 ला टेकले, की कापडाच्या चुण्या आणि शिवण यांची नोंदच फाइलमध्ये राहत नाही. त्यानंतर हायलाइट कितीही खाली घेतले तरी टोपी पांढऱ्याची राखाडी होते, चुणी काही दिसत नाही.

काळ्या बाजूला थोडी जागा असते. चेहरा 10 ते 30 च्या दरम्यान दबलेला असेल, तर नाक-डोळ्यांचा तपशील तिथे असतो आणि तो वर काढता येतो. मात्र त्या 20 पायऱ्या ताणून 80 पर्यंत पसरवल्या, की मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात. गालावर पट्टे दिसू लागतात, आणि अंधारात लपलेले रंगीत दाणेही चेहऱ्याबरोबर उजळतात. जेपेग फाइल सावलीतला बारीक तपशील आधीच गाळून टाकते, म्हणून तिथे चौकोनी ठोकळेही उमटतात.

रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरची नोंद जवळजवळ जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ही मोकळीक बरीच जास्त. 12 बिटच्या रॉ मध्ये प्रत्येक रंगाच्या 4,096 पायऱ्या असतात, 14 बिटमध्ये 16,384. लग्नाचे काम करणाऱ्या फोटोग्राफरला रॉ ठेवायला आवर्जून सांगा.

यावरून फोटो काढतानाचा नियम ठरतो: पांढऱ्याला सांभाळा, काळे नंतर उचलता येईल. मोबाइलवर टोपीवर बोट टेकवा आणि बाजूला येणारी सूर्याची खूण किंचित खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो एकूण किती उजळ यावा ते ठरवणारी सोय) −0.3 ते −0.7 ठेवा आणि हिस्टोग्रामचा (डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे किती ते दाखवणाऱ्या आलेखाचा) डोंगर उजव्या कडेला चिकटत नाही ना ते पाहा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मंडळींना ओसरीत किंवा झाडाच्या गर्द सावलीत उभे करणे. पानांतून ऊन गळत असेल अशी सावली मात्र नको. चेहऱ्यावर पडलेले उन्हाचे ठिपके कुठल्याही स्लायडरने जात नाहीत.

मोबाइलवर

स्नॅपसीड या अ‍ॅपमध्ये फोटो उघडून ‘ट्यून इमेज’ घ्या. आधी हायलाइट −20 ते −30. मग शॅडो +20 ते +35. इथे थांबून मूळ फोटोशी ताडून पाहा. शॅडो वर घेतल्यावर फोटो फिका वाटतो, कारण केस, भुवया आणि डोळ्यांतला काळाही उचलला गेलेला असतो. तो परत आणण्यासाठी कॉन्ट्रास्ट +5 ते +10 पुरे. ‘अँबियन्स’ला हात लावू नका, तो उजेडासोबत रंगही भडक करतो आणि कातडी नारिंगी होते.

एकच चेहरा काळा असेल तर सगळा फोटो उजळण्याची गरज नसते. ‘सिलेक्टिव्ह’ घेऊन चेहऱ्यावर ठिपका ठेवा, दोन बोटांनी वर्तुळ चेहऱ्याएवढे करा आणि ब्राइटनेस +15 ते +25 द्या.

आजचे बरेचसे मोबाइल फोटो काढतानाच एकाच दृश्याच्या अनेक नोंदी एकत्र करून सावली उचलतात. अशा फोटोवर पुन्हा शॅडो +50 केले, की चेहऱ्याची गोलाई जाते, नाकाची बाजू आणि गाल एकाच पातळीवर येतात. म्हणून मोबाइलच्या फोटोला नेहमी कमी मात्रा द्या.

कॉम्प्युटरवर

लाइटरूम किंवा कॅमेरा रॉ हे अ‍ॅडोबीचे प्रोग्रॅम वापरत असाल तर क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगाची झाक सावरणे), मग एक्स्पोजर (एकूण उजळपणा). चेहरा साधारण ठीक दिसेपर्यंत एक्स्पोजरच हलवा. पुष्कळ जण एक्स्पोजर तसेच ठेवून शॅडो +100 करतात आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. त्यानंतर हायलाइट −30 ते −60, शॅडो +20 ते +40. शेवटी ऑल्ट दाबून धरून ‘व्हाइट्स’ आणि ‘ब्लॅक्स’ हलवा: व्हाइट्सला पडदा काळा होतो आणि जळलेले भाग चमकतात, ब्लॅक्सला उलट. ब्लॅक्स −5 ते −15 केले की केसांना पुन्हा वजन येते. लाइटरूममध्ये कीबोर्डवरचे ‘J’ अक्षर दाबल्यावर जळलेले पांढरे लाल रंगात आणि बुडालेले काळे निळ्या रंगात दिसतात, ही खूण कायम चालू ठेवावी.

फोटोशॉपच्या ‘शॅडोज/हायलाइट्स’मध्ये शॅडोची मात्रा सुरुवातीलाच 35 टक्के असते. बऱ्याच फोटोंना ती जास्त होते. 15 पासून सुरुवात करा. खरा घोळ ‘रेडियस’चा आहे. एखादा ठिपका सावलीतला की उजेडातला, हे फोटोशॉप त्याच्या आजूबाजूचा भाग पाहून ठरवते, आणि किती आजूबाजूचा ते रेडियस सांगतो. रेडियस फार लहान असेल तर चेहऱ्यातलाच चढउतार सपाट होतो. फार मोठा असेल तर चेहऱ्याऐवजी सगळा फोटोच उजळतो. मधल्या मापातही मात्रा जास्त झाली, तर काळ्या डोक्याभोवती आकाशात पांढरट वलय उमटते. चेहऱ्याच्या रुंदीच्या निम्मे माप घेऊन सुरुवात करा: चेहरा 400 पिक्सेल असेल तर रेडियस 200. फोटोचा लेयर (थर) आधी ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ करून घेतला तर हे आकडे नंतरही बदलता येतात.

पैसे न भरता काम करायचे असेल तर जिम्प या मोफत प्रोग्रॅमच्या ‘कलर्स’ मेनूत हीच सोय आहे.

हळदीचे फोटो

हळदीच्या फोटोत पिवळ्याचा त्रास वेगळा असतो. गडद पिवळ्यात लाल आकडा 255 ला टेकलेला, हिरवाही बराच वर आणि निळा जवळजवळ शून्य. एकूण फोटो जास्त उजळ वाटत नाही, पण गालावरची हळद एकसंध रंगाचा थर होऊन बसते, बोटांचे ठसे दिसत नाहीत. म्हणून हिस्टोग्राम पाहताना तिन्ही रंगांचे वेगवेगळे पाहा. दुरुस्ती करताना हायलाइटच्या आधी पिवळ्याचे सॅच्युरेशन (भडकपणा) −10 ते −15 आणि ल्युमिनन्स (उजळपणा) −10 करा. जरीच्या काठालाही हाच उपाय लागू पडतो.

मांडवात वरच्या कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो. सावली उचलली की तो रंगही उचलला जातो. लाल कापडाखालची मंडळी उन्हाने भाजल्यासारखी दिसतात. चेहऱ्यापुरता मास्क करून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) तिथला रंग थंड, निळसर बाजूला न्या, सगळा फोटो नको.

सावली राहू द्यावी असे फोटो

कृष्णेच्या घाटावरून संध्याकाळी काढलेला आयर्विन पूल काळाच शोभतो. तिथे शॅडो वर घेतली तर कमानींत दाणे येतात आणि आकाशाचा रंगही फिका वाटतो. कासच्या फुलांच्या पठारावर धुक्यात काढलेल्या फोटोत मुळात काळे नसतेच. तिथे शॅडो उचलण्याऐवजी ब्लॅक्स जरासे खाली घ्या, फुले धुक्यातून पुढे येतात. ठोसेघरच्या धबधब्याचे पाणी हायलाइट −100 करून राखाडी करू नका. जुने पिवळे पडलेले घरचे फोटो स्कॅन केल्यावर तर उलटे काम असते: त्यांचा काळाच उडालेला असतो, म्हणून काळे खाली आणावे लागते.

स्क्रीन आणि कागद

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद खोलीतलाच उजेड परत करतो. त्यामुळे प्रिंट नेहमी थोडी गडद वाटते. दुरुस्ती करताना मोबाइलची ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा, आपोआप बदलणारी ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळसर मोड बंद ठेवा. प्रिंटमध्ये 255 म्हणजे कोरा कागद. पांढऱ्या टोपीचा आकडा 235 ते 245 ठेवला तर कापड कापडासारखे दिसते. मॅट कागदावर 15-20 च्या खालचे काळे एकमेकांत मिसळते. काळ्या कोटाचे लॅपल (कॉलरच्या पुढच्या घड्या) दिसायला हवे असतील तर ग्लॉसी घ्या किंवा तेवढाच भाग उचलून द्या.

फाइल देताना

जेपेग, क्वालिटी 90 च्या वर, रंग एसआरजीबी (sRGB, फाइल सेव्ह करताना निवडायची रंगांची पद्धत). 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 4×6 इंचाला 1200×1800 पिक्सेल लागतात, 12×18 ला 3600×5400, अल्बमच्या 12×36 पानाला 3600×10800. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा; फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, आणि उचललेल्या सावलीत त्याचे ठोकळे सर्वांत आधी दिसतात. तीच जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, प्रत्येक वेळी मूळ फाइलवरून सुरुवात करा.

दुरुस्त फाइलसोबत मूळ फाइलही द्या. सावली जास्त उचलली गेली असेल तर आम्हाला मूळवरून पुन्हा करता येते. दुरुस्त फाइलमधून मागे जाता येत नाही. अल्बमचे काम असेल तर सगळ्यात अवघड वाटणाऱ्या दोन फोटोंची 4×6 प्रिंट आधी काढून घ्या, घरी नेऊन दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ पाहा आणि मगच मोठ्या पानांना होकार द्या. चेहरे अजून किती उजळ हवेत हे त्या छोट्या प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहून आणले तर पुरेसे आहे.