प्रशाला आणि विद्यालय : पगार एकाच तिजोरीतून, तरी शाळा दोन

मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी हायस्कूलच्या दोन कमानी दिसतात. एकीवर 'जिल्हा परिषद प्रशाला' असं लिहिलेलं असतं. दुसरीवर कुणा संताचं, देवीचं, नाहीतर पुढाऱ्याच्या वडलांचं नाव आणि पुढं 'विद्यालय'. गावातली माणसं पहिलीला नुसतं 'झेडपी' म्हणतात. दुसरीला फी मागितली की 'खाजगी' म्हणतात आणि मास्तरांच्या पगाराचा विषय निघाला की 'सरकारीच की ती पण'. परवा शेजारच्या मामांनी विचारलं, "नातवाला आठवीला कुठं घालावं? दोन्हीकडं मास्तरला पगार सरकारच देतंय म्हणतेत. मग फरक कायचा?"

मामांचं म्हणणं खरं आहे. अनुदानित विद्यालयातल्या मंजूर पदावरच्या शिक्षकाचा आणि प्रशालेतल्या शिक्षकाचा पगार शेवटी राज्याच्या तिजोरीतूनच निघतो. वेतनश्रेणीही तीच. फरक आहे तो नेमणूक कोण करतं, इमारत कुणाची आणि पैसा कुठल्या वाटेनं येतो यात. त्यामुळंच दोन्ही शाळांच्या आकडेवारीत एकाच नावाचा रकाना असला तरी त्यातल्या आकड्याचा अर्थ एक नसतो.

हा घोळ आपल्याकडं जरा जास्तच आहे, त्याला कारण इतिहास. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की एखादी मोठी शिक्षणसंस्था डोळ्यांसमोर येते. इकडं निजामाच्या काळात हायस्कूल सरकारी असायचं, तेही मोजक्या ठिकाणी आणि उर्दू माध्यमाचं. मराठीतून शिकवायचं तर लोकांनीच शाळा काढायची. औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, सेलूचं नूतन, १९२१ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या तशा शाळा. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पुढं १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि जुनी सरकारी हायस्कुलं त्यांच्याकडं गेली. 'प्रशाला', 'बहुविध प्रशाला', बोलीभाषेत 'मल्टीपर्पज', ही त्यांचीच नावं. म्हणजे आज ज्याला आपण 'खाजगी' म्हणून नाक मुरडतो, त्या रांगेतल्या सगळ्यात जुन्या शाळा सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या होत्या. अर्थात गेल्या तीस-चाळीस वर्षांत निघालेल्या प्रत्येक संस्थेला ही पुण्याई लावायची गरज नाही.

आता आकड्यांकडं. यू-डायस म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी यंत्रणा. तिच्यात प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे : नांदेड १५, हिंगोली १६, परभणी १७, जालना १८, छत्रपती संभाजीनगर १९, मग थेट बीड २७, लातूर २८, धाराशिव २९. त्यानंतर दोन अंक तालुक्याचे, तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. एकाच वॉर्डात प्रशाला आणि विद्यालय समोरासमोर असतील तर क्रमांकाचे पहिले नऊ अंक सारखेच निघतात. ओळख पटते ती 'व्यवस्थापन' या रकान्यात. स्थानिक स्वराज्य संस्थेची शाळा असेल तर ३, खाजगी अनुदानित असेल तर ४, विनाअनुदानित असेल तर ५. यू-डायसच्या संकेतस्थळावर कुठल्याही शाळेचं प्रगतिपत्रक कुणालाही बघता येतं. मास्तरांना विचारायला संकोच वाटत असेल तर सुरुवात तिथून करावी.

या चारच्या आकड्याला मात्र फार भुलू नये. 'अनुदानित' हा शिक्का शाळेला असतो, तिच्या प्रत्येक तुकडीला असेलच असं नाही. एकाच इमारतीत अ तुकडी पूर्ण अनुदानावर, ब तुकडी टप्प्यावर आणि क तुकडी विनाअनुदानित असू शकते. टप्पा म्हणजे पगाराच्या २० टक्के, मग ४०, ६०, ८० असं चढत जाणारं अनुदान. त्यासाठी शिक्षक वर्षानुवर्षं मुंबईच्या आझाद मैदानात बसतात. जिल्हा परिषदेत असा प्रकार नाही. तिथं पद मंजूर असतं नाहीतर नसतं, आणि मंजूर पद भरलेलं असतं नाहीतर रिकामं.

पटाचं बघू. 'शाळेचा पट किती?' या प्रश्नाला किमान तीन खरी उत्तरं असतात. एक हजेरीपटावरचं. दुसरं यू-डायसवरचं, ३० सप्टेंबरच्या स्थितीचं. तिसरं संचमान्यतेचं. संचमान्यता म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची किती पदं हे शिक्षण खात्यानं दरवर्षी ठरवणं, आणि तिच्यात आधार जुळलेले विद्यार्थीच धरतात. आधारवर आईचं नाव चुकलं किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर पोरगं वर्गात असतं, परीक्षा देतं, पण शिक्षकाची पदं ठरवताना ते मोजलं जात नाही. हा फटका दोन्ही शाळांना बसतो. विद्यालयात मात्र एक लिपिक बरेचदा हे दुरुस्त करायच्या मागे लागलेला असतो, कारण पद गेलं की संस्थेचा माणूस अतिरिक्त ठरतो. प्रशालेत लिपिकाचंच पद रिकामं असलं तर ते काम गणिताच्या सरांवर येतं. म्हणजे गणिताचा तास गेला.

शिवाय ३० सप्टेंबर ही तारीखच आपल्या भागाला गैरसोयीची आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या तांड्यांवरची आणि वाड्यांवरची लेकरं सप्टेंबरात पटावर असतात, डिसेंबरात फडावर. हंगामी वसतिगृहांनी काहींना थोपवलं, सगळ्यांना नाही. गावाकडच्या प्रशालेचा सप्टेंबरचा पट आणि जानेवारीची हजेरी यांत जो खड्डा दिसतो, तो दरवेळी लबाडीचा नसतो. लबाडीही झालेली आहे. बोगस पट शोधायची मोहीम आधी नांदेड जिल्ह्यात झाली आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ला राज्यभर विशेष पटपडताळणी झाली, हे विसरून चालणार नाही. पण कुठलं पोरगं कागदावरचं आणि कुठलं कोयत्यावर गेलेलं, हे नुसत्या आकड्यातून कळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. यू-डायसनं २०२२-२३पासून एकेका विद्यार्थ्याची नोंद घ्यायला सुरुवात केली. त्याआधी शाळा नुसती बेरीज भरायची. त्यामुळं २०२१-२२चा पट आणि त्यानंतरचा पट शेजारी ठेवून 'शाळा बसली' असं म्हणण्यात अर्थ नाही. मोजायची रीतच बदलली आहे.

शिक्षकांच्या रकान्यात दोन्ही शाळा सगळ्यात जास्त फसवतात. संचमान्यतेच्या कागदावर मंजूर पदं आणि कार्यरत पदं वेगवेगळी असतात. पदं मंजूर करायचे निकष २०१५च्या शासन निर्णयात होते, १५ मार्च २०२४च्या निर्णयानं ते बदलले. सहावी ते आठवीला शिक्षण हक्क कायदा ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगतो, आणि विज्ञान-गणित, भाषा, समाजशास्त्र यांना किमान एकेक. समजा प्रशालेत ३०० मुलं, १२ पदं मंजूर आणि ९ शिक्षक हजर. मंजूर पदांनी भागलं तर एका शिक्षकामागे २५ मुलं, हजर शिक्षकांनी भागलं तर ३३. समोरच्या विद्यालयात समजा ६०० मुलं, २० पदं, १७ जण हजर, आणि संस्थेनं पदरच्या पैशातून चार हजारांवर किंवा सहा हजारांवर ठेवलेले आणखी चार जण. यू-डायसमध्ये कंत्राटी आणि अर्धवेळ शिक्षकांचीही नोंद होते, त्यामुळं तिथं २१ शिक्षक दिसतात आणि प्रमाण २९च्या आत येतं. पगारी शिक्षकांनीच भागलं तर ते ३५च्या वर जातं. म्हणजे कागदावर प्रशालेहून बरी दिसणारी शाळा प्रत्यक्षात चार तरुण पोरापोरींच्या तुटपुंज्या मानधनावर उभी असते.

प्रशालेला असं परस्पर माणूस ठेवता येत नाही. गावानं वर्गणी करून एखादा ठेवला तरी तो सहसा कुठल्या रकान्यात येत नाही. म्हणून तिची रिकामी जागा चारचौघांत रिकामीच दिसते. मला स्वतःला हा प्रामाणिकपणा वाटतो. ज्याचं पोरगं दहावीला आहे त्याला तसं वाटणार नाही, हेही कळतं.

नेमणुकीची वाट आता दोघांची बरीचशी एक झाली आहे. दोन्हीकडं पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून, शिक्षक येतात. फक्त संस्थेला 'मुलाखतीसह' हा पर्याय घेता येतो, जिल्हा परिषदेत गुणवत्तेनुसार थेट यादी लागते. नेमणुकीनंतर वाटा फुटतात. संस्थेचा शिक्षक खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९७७च्या कायद्याखाली त्या संस्थेचा नोकर. बरेचजण लागले त्याच शाळेतून निवृत्त होतात. प्रशालेचा शिक्षक जिल्ह्याचा नोकर, बदली झाली की दुसऱ्या तालुक्यात. त्यामुळं विद्यालयातले सर तुमच्या बापालाही ओळखतात, आणि प्रशालेतले सर ओळख होईपर्यंत गेलेले असतात. बदलीमुळं कधी एखादा फार चांगला माणूस आडगावाला मिळतो, तेही खरं.

पैशाची गोष्ट सगळ्यात गंमतीची. प्रशालेच्या मुख्याध्यापकांना विचारा, 'वर्षाला निधी किती येतो?' ते सांगतील, 'पंचाहत्तर हजार.' ते खोटं बोलत नसतात. केंद्राच्या 'समग्र शिक्षा' योजनेच्या निकषांनुसार २५० ते १००० पटाच्या सरकारी शाळेचं संयुक्त अनुदान वर्षाला ७५,००० रुपये आहे, आणि त्यातलेही किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. शिक्षकांचे पगार जिल्हा परिषदेच्या हिशेबात असतात, शाळेच्या खात्यात त्यांचा रुपयाही दिसत नाही. समोरच्या विद्यालयाला संयुक्त अनुदान मिळत नाही. त्याचं वेतन देयक शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून वेतन पथक या शिक्षण खात्याच्या कार्यालयाकडं जातं आणि पगार शिक्षकांच्या खात्यात येतो. वीजबिल, खडू, डागडुजी यांसाठी वेतनेतर अनुदान असतं. मध्यंतरी ते बरीच वर्षं बंद होतं. उरलेलं संस्थेचे गाळे, देणग्या आणि पालक यांच्यावर.

म्हणून 'एका मुलामागे खर्च' हा आकडा कुणी तोंडावर फेकला की आधी एक विचारावं : पगार धरून की सोडून? पगार धरला तर दुसरं विचारावं : शिक्षकांची नोकरी किती वर्षांची? नवा शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेला शिक्षक, माध्यमिकला महिना १८,००० रुपयांवर तीन वर्षं काढतो. त्याच पदावर निवृत्तीला आलेल्या शिक्षकाचा पगार त्याच्या कितीतरी पट असतो. पट घसरलेल्या प्रशालेत सगळे जुने शिक्षक असतील तर खर्च डोळे पांढरे करतो आणि कुणीतरी लगेच शाळा बंद करायची भाषा सुरू करतं. उलट, तीन पदं रिकामी असलेली शाळा कागदावर स्वस्त आणि 'कार्यक्षम' दिसते. तिनं वाचवलेला पैसा म्हणजे न झालेले इंग्रजीचे तास.

मुलांच्या हातात पडणाऱ्या गोष्टींत आठवीपर्यंत फारसा फरक नाही. पोषण आहार दोन्हीकडं, मोफत पुस्तकं दोन्हीकडं. मोफत गणवेश मात्र सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरता. नववीत गेलं की डबा घरचाच.

मामांना एवढं सगळं सांगत बसलो नाही. दोन्ही शाळांची चालू वर्षाची संचमान्यता मागा, म्हणालो. प्रशालेत विज्ञान, गणित आणि इंग्रजीच्या पदांपुढं 'कार्यरत' लिहिलंय का तेवढं बघा. विद्यालयात विचारा की नातू कुठल्या तुकडीत बसणार आणि ती तुकडी अनुदानावर आहे का.

"कागद देतील का पण ते?"

"नाही दिला तर माहितीच्या अधिकारात शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज करा. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो."

मामांनी टोपी सारखी केली. "दहा रुपयं राहू द्या. तुकडी कोणती ते आधी इचारून येतो," म्हणाले आणि प्रशालेच्या फाटकावरून वळून विद्यालयाच्या कमानीकडं गेले.