भूवैज्ञानिक नकाशा व छेद : खानदेशातील तेलशोध

जमिनीवर उघड्या पडलेल्या खडकांच्या सीमा, त्यांची नती (थरांचा उतार) आणि विभंग (खडक तुटून सरकलेली रेषा) नकाशावर वाचून खालची रचना उभ्या छेदात मांडणे आणि तेल-वायू अडकण्याजोगी जागा ताडणे, ही तेलशोधातील मूळ रीत होय. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) तिचा कस लागतो. येथील नकाशा बहुतांश दोनच रंगांचा : बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा खडक) आणि तापीचा गाळ. तेल असलेच, तर त्याला जागा देणारे गाळाचे थर या बेसाल्टखाली झाकलेले आहेत.

‘ट्रॅप’ या शब्दाने नवख्याचा घोटाळा होतो. येथील बेसाल्टच्या थरांना दक्खन ट्रॅप म्हणतात; त्यातील ‘ट्रॅप’ म्हणजे जिना. हा शब्द बहुतेक ग्रंथ स्वीडिश भाषेकडे नेतात, काही डचकडे. संज्ञा अठराव्या शतकातील स्वीडिश खनिजवैज्ञानिकांच्या लेखनातून रूढ झाल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. लळिंगच्या डोंगराच्या या पायऱ्या महामार्गावरूनही दिसतात. तेलाचा ‘ट्रॅप’ मात्र सापळा : उगम खडकातून (ज्यात तेल तयार होते तो) निघालेले तेल सच्छिद्र संचायक खडकात वर सरकते व अभेद्य आच्छादक खडकाखाली, बहुधा अपनतीच्या (कमानीसारख्या वर वाकलेल्या थरांच्या) माथ्याशी किंवा विभंगाच्या कडेला, अडते.

छेद काढताना उभे प्रमाण फसवते. १:५०,००० च्या नकाशावर १ सेंमी. म्हणजे ५०० मी.; छेदात उभे १ सेंमी. = १०० मी. घेतले, तर उंची पाचपट वाढते आणि २ अंशांची नती सुमारे १० अंशांची दिसते. सपाट थरांतून अशी ‘अपनती’ सहज निर्माण होते. शिवाय छेदरेषा नतिलंबाला (थरावरील आडव्या रेषेच्या दिशेला) काटकोनात नसेल, तर दिसणारी नती खरीपेक्षा कमी भरते. धुळे ज्यात येते त्या ४६ एल या नकाशापत्रकावर दोन लाव्हाप्रवाहांची सीमा समोच्च रेषेला जवळजवळ समांतर धावते; थर आडवे असल्याची ती खूण. नंदुरबार-धुळे भागातील भित्ती (डाइक; भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या पट्ट्या) पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैर्ऋत्येकडे जातात, त्यांतील सर्वांत लांब सुमारे ७९ किमी. भरते. उभ्या असल्याने त्या नकाशावर डोंगर-नाले न जुमानता सरळ जातात. दीर्घ ताणाची दिशा त्यांवरून कळते. सापळा कळत नाही.

खरा वाद बेसाल्टखालच्या गाळाविषयी आहे. हे प्रवाह सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे मानतात. त्याआधीच्या सागरी थरांचा नमुना नर्मदाखोऱ्यात बाघ येथे उघडा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केलेल्या थुआदरा-सेंधवा-सिंदाड या खोल भूकंपीय छेदावरून तापीखाली एक ते दोन किमी. जाडीचा मध्यजीव (डायनोसॉरांच्या युगातील) गाळ असावा असे अनुमान निघाले. अडचण अशी की, बेसाल्टमधून लहरी वेगाने जातात, खालच्या वालुकाश्म-शेलमधून सावकाश. वेग खोलीबरोबर घटला, की अपवर्तित लहर वरच्या थरात परतून येत नाही व तो थर आलेखात ‘गायब’ होतो. म्हणून जाडीचे आकडे वेगाच्या गृहीतकावर अवलंबून राहतात. भूविद्युत-चुंबकीय मापने गाळ असल्याच्या मताला पुष्टी देतात, आणि तेच मत येथे स्वीकारले आहे. मात्र नुसता गाळ पुरेसा नाही. त्यात उगम खडक पक्व झाला का, आणि लाव्हाच्या उष्णतेने तेल टिकू दिले का, हे छेदावरून ठरत नाही.

पश्चिमेस गुजरातेतील खंबायत खोऱ्यात १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. तेथील तेल दक्खन ट्रॅपच्या बेसाल्टवर साचलेल्या, त्यानंतरच्या तृतीयक थरांत, अपनतीत आहे, त्यामुळे तोच नियम पूर्वेकडे ओढणे चुकीचे. खानदेशात व्यापारी साठा मिळालेला नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचा विभंग नकाशावर गाळ व बेसाल्ट यांच्या सरळ सीमेवरून ओळखता येतो. चोपडा तालुक्यातील अडावदजवळच्या उनपदेवचे गरम पाणी याच पट्ट्यात उगवते.