हूक मागताना जाडी नाही, काम सांगा

साखळीने ओझं उचलणाऱ्या आणि आवळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"दहा एमएमचा हूक द्या." आमच्या काउंटरवर बहुतेक मागणी अशीच येते. आम्ही उलट विचारतो, भाऊ, काम काय? गर्दीच्या वेळी हा प्रश्न काहींना उगाचचा वाटतो. पण सारख्या जाडीचे दोन हूक एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. एक विहिरीत उतरलेल्या माणसांच्या डोक्यावरून मुरूम वर आणायला घडवलेला असतो, दुसरा ट्रॉलीवरचं लाकूड आवळायला. दुसरा हूक पहिल्याच्या जागी लागला की खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून विकण्याआधी विचारतो, आणि विचारत राहू.

उचलायचा वेगळा, आवळायचा वेगळा

उचलायच्या हुकाचं तोंड रुंद आणि पोट गोल असतं. तोंडावर स्प्रिंगचा खटका असतो. ओझं नेहमी पोटाच्या अगदी तळाशी बसलं पाहिजे. टोकावर लटकलेलं ओझं हुकाला उघडायला बघतं, आणि तिथे हुकाची ताकद पोटातल्यापेक्षा फार कमी असते.

ग्रॅब हुकाची फट अरुंद असते. तिच्यात साखळीची एक कडी उभी शिरते, पुढची आडवी असल्यामुळे अडते आणि साखळी सरकत नाही. साखळी हवी तिथे आखूड करून पकडायची असेल तर हाच हूक लागतो. बल्लारपूर-आलापल्लीकडचं सागवान ट्रकवर आवळताना किंवा ट्रॉलीवर मशीन बांधताना तो उत्तम. पण बहुतेक ग्रॅब हुकांना खटका नसतो. साखळी सैल पडली की कडी फटीतून निघू शकते, म्हणून तो एकटा लावून ओझं हवेत उचलायचं नाही.

हुकावरचा आकडा

चांगल्या हुकाच्या अंगावर ग्रेड, म्हणजे पोलादाच्या ताकदीचा दर्जा, कोरलेली असते. 8 किंवा 80 म्हणजे ग्रेड 80, 10 किंवा 100 म्हणजे ग्रेड 100. उचलण्याच्या कामाला आम्ही या दोनच ग्रेड देतो. ग्रेड 70 ची साखळी बहुधा पिवळसर सोनेरी दिसते. ती वाहतुकीत माल आवळण्यासाठी आहे, उचलण्यासाठी नाही. दिसायला देखणी असल्यामुळे बरेच जण तीच मागतात, तेव्हा आम्हाला नाही म्हणावं लागतं.

ग्रेड 80 ची एकेरी साखळी सरळ खाली लोंबत असेल तर 8 एमएमला 2 टन, 10 एमएमला 3.15 टन आणि 13 एमएमला 5.3 टन, एवढंच ओझं. तुटण्याचा भार याच्या चौपट धरलेला असतो. ती चौपट झटक्यासाठी, झिजेसाठी आणि अंदाज चुकला तर म्हणून राखलेली आहे. "चौपट आहे ना, मग थोडं जास्त चालेल" हा हिशोब करू नका. साखळी, हूक, वरची कडी, शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) यांत ज्याची क्षमता सगळ्यांत कमी, तीच पूर्ण जोडणीची क्षमता.

ग्रेडच कोरलेली नाही अशी साधी काळी साखळी गेटला लावा, जनावर बांधा, पण तिने ओझं उचलू नका. सळई वाकवून केलेल्या आकड्याचंही तेच. जाड दिसतो म्हणून तो भरवशाचा होत नाही, आणि किती भार घेईल हे तो घडवणाराही सांगू शकत नाही.

विहीर आणि बोअर

आमच्याकडचा निम्मा माल याच कामाला जातो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

विहिरीवरच्या क्रेनची बकेट तळाला टेकली की साखळी सैल पडते. त्या क्षणी बकेटची कडी हुकाच्या पोटातून उचलली जाते आणि कधीकधी टोकावर चढून बसते. खटका मोडलेला असेल किंवा तारेने मागे बांधून ठेवला असेल तर ती तिथेच राहते. वरच्याने क्रेन सुरू केली की बकेट टोकावरच लटकत वर येते. अर्धा घनमीटर ओला मुरूम म्हणजे जवळपास टनभर वजन, आणि खाली माणसं. अडकवायला-काढायला त्रास होतो म्हणून खटका बांधून ठेवणारे मजूर आम्ही पाहतो. त्यांची घाई समजते, पण ही सवय मुकादमाने मोडलीच पाहिजे.

विहिरीसाठी आमचा आग्रह स्वयंबंद हुकाचा असतो. ओझं आलं की त्याचं तोंड आपोआप मिटतं आणि मागचा चाप दाबल्याशिवाय उघडत नाही. साखळी कितीही सैल पडली तरी कडी बाहेर येत नाही. साध्या हुकापेक्षा महाग आहे. तरी विहिरीच्या कामाला तोच घ्या, बाकीच्या खर्चात हवी तर काटकसर करा.

बोअरची मोटर काढताना चूक होते ती वजनाच्या अंदाजात. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर खोल गेलेत. शेतकरी मोटरचं आणि पाइपाचं वजन धरतो, पण पाइपातलं पाणी विसरतो. मोटरच्या वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे मोटर बंद केली तरी पाइप भरलेलाच राहतो. अडीच इंची पाइपात दर मीटरला तीन-साडेतीन लिटर पाणी असतं. 300 फूट म्हणजे साधारण 90 मीटर, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास निव्वळ पाणीच. पाइप लोखंडी असेल तर मोटर धरून एकूण वजन टनाच्या घरात जातं. त्यात पाइप गाळात धरला असेल तर ओढ किती वाढेल याचा नेम नाही. चेन पुल्लीची साखळी ताठ झाली आणि पाइप हलत नाही असं दिसलं की थांबा. तीन पायांच्या घोडीखाली उभं राहून आणखी दोघांना साखळीला लटकायला लावू नका.

दोन पायांची साखळी

जिनिंगमध्ये किंवा राइस मिलमध्ये मशीन उचलताना वर एक रिंग आणि खाली दोन साखळ्या असा झुला वापरतात. दोन साखळ्या म्हणजे प्रत्येकीवर निम्मं ओझं, हे फक्त दोन्ही सरळ उभ्या असतील तेव्हाच खरं. त्या फाकल्या की ताण वाढतो. एक टन ओझं आहे असं धरा. साखळी आडव्या रेषेशी 60 अंशांत असेल तर प्रत्येकीवर सुमारे 577 किलो, 45 अंशांत 707 किलो, आणि 30 अंशांत प्रत्येकीवर पूर्ण 1 टन. म्हणजे दोन साखळ्या लावून ताण एकीइतकाच राहतो.

कोन मोजायला यंत्र नको. खालच्या दोन हुकांमधलं अंतर एका साखळीच्या लांबीइतकं असेल तर कोन 60 अंशांचा होतो. अंतर त्याहून जास्त दिसलं की लांब साखळी घ्या. आणि खालच्या हुकांची तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवा, आतल्या बाजूला नाही.

रुईची एक गाठ साधारण 170 किलोची, म्हणजे सहा गाठींना टन झाला. हिंगणघाट, वणीकडच्या जिनिंगवाल्यांनी एवढा हिशोब भिंतीवर लिहून ठेवला तरी पुरे.

फसलेला ट्रॅक्टर

मृगाचा पाऊस झाला की काळ्या रानात ट्रॅक्टर रुततोच. साखळीने ओढताना दोन्ही ट्रॅक्टरांना हूक खाली, ड्रॉबारलाच (ओढकामासाठीच्या खालच्या दांड्याला) लावा. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला साखळी मागच्या आसाच्या वर बांधली तर त्याचं पुढचं तोंड उचलून तो मागे उलटू शकतो. साखळी आधी हळूहळू ताठ करा, मग ओढा. सैल साखळीला वेगाने झटका देऊ नका. झटक्यात ताण ट्रॅक्टरच्या वजनापेक्षाही वर जातो, आणि सुटलेला हूक कुठे जाऊन लागेल ते कुणाच्या हातात नसतं. पोरांना बांधावर नाही, पार लांब पाठवा. साखळी आखूड पडली तर दोन तुकडे नटबोल्टने जोडू नका आणि गाठही मारू नका.

हूक आधी इशारा देतो

चांगला हूक काचेसारखा एकदम तुटत नाही. जास्त भार पडला की आधी त्याचं तोंड उघडतं. म्हणून नवा हूक घेतल्यावर व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) तोंडाचं माप घ्या आणि वहीत लिहा. काही हुकांवर मापासाठी दोन खुणा दिलेल्याच असतात. माप 5 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे 40 एमएमचं 42 झालं, की हूक बाद. पोटातली जाडी 10 टक्के झिजली, 20 ची 18 राहिली, की बाद. मान पिळलेली दिसली, तडा दिसला, टोक वाकलं, तरी बादच. खटका मोडला असेल तर नवा खटका मिळतो, आमच्याकडे तो सुटा ठेवलेला असतो.

उघडलेला हूक लोहाराकडे तापवून आणि ठोकून सरळ करून आणतात. कृपा करून असं करू नका. या पोलादाला कारखान्यात मोजून पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून आणि थंड करून ते कणखर केलेलं असतं, आणि सगळी ताकद त्यातून येते. भट्टीत लाल केलं की ते पाणी उतरतं. बाहेरून हूक नव्यासारखा दिसतो, आत तो साधं लोखंड झालेला असतो. वेल्डिंगही नको. ग्रेड 80 चा माल 400 अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल, मग शेडला आग लागली म्हणून का होईना, तो पुन्हा वापरायचा नाही. बॅटरीचं ॲसिड आणि खताची पोती यांच्यापासूनही साखळी लांब ठेवा.

जिनिंग, राइस मिल, आरा गिरणीच्या मालकांसाठी एक गोष्ट. उचलण्याच्या साखळ्या-हुकांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी, आणि सुरक्षित भार ठळक लिहिलेला, ही रीत 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 29 ने घालून दिली. गावाकडे छोटं युनिट असलं तरी ती पाळा.

दुकानात येताना

ओझं कशाचं, अंदाजे किती, उचलायचं की आवळायचं, आणि साखळी किती एमएमची, एवढं सांगा. जुनी साखळी असेल तर तिचा तुकडा किंवा स्वच्छ फोटो आणा, कारण हूक आणि साखळीची ग्रेड जुळली पाहिजे. वजनाचा अंदाज नसेल तर आपण मिळून काढू.

वापरातला हूक तपासायला कधीही आणा. मोजून देण्याचे पैसे घेत नाही. बाद निघालेला हूक मात्र भंगारात तसाच टाकू नका, तिथून तो उचलून कुणीतरी पुन्हा विहिरीवर लावतो. आमच्याकडे कटर आहे, तुमच्यासमोर त्याचे दोन तुकडे करून तुमच्याच हातात देतो.